वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : कोर्टातली साक्ष कागदावर उतरवताना

साक्ष नोंदवणे, लघुलेखन (शॉर्टहँड) आणि ध्वनिमुद्रणावरून मजकूर उतरवणे या कामांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. विचारणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत, फक्त गाव दिले आहे.

मराठी लघुलेखनाची ८० शब्दांची परीक्षा मी पास झाले. पण मैत्रिणीने साक्षीसारखा मजकूर वाचला की मी मध्येच अडखळते. वेग कमी पडतो का? (विद्यार्थिनी, आर्णी)

वेग पुरेसा आहे, पण सवय वेगळ्या चालीची झाली आहे. परीक्षेत मजकूर एकसारख्या गतीने वाचला जातो. मिनिटाला ८० म्हणजे पाच मिनिटांत ४०० शब्द, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच लय. कोर्टात अशी लय नसते. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश दोन्ही ऐकून मनात वाक्य जुळवतात आणि मग पंधरा-वीस शब्द एका दमात सांगतात. त्या दमातला वेग सहज १२० च्या वर जातो. पुढची वीस सेकंदे शांतता असते, की पुन्हा एक झोत. त्यामुळे हात वेगवान असून भागत नाही. बोलणारा पुढे गेला तरी आठ-दहा शब्द डोक्यात धरून हाताने मागून लिहीत राहण्याचा सराव लागतो.

तो असा करा. मैत्रिणीला एक वाक्य भरभर वाचून थांबायला सांगा. ती वाचू लागली की पहिले तीन शब्द होईपर्यंत मुद्दाम थांबा, तिच्या मागे राहून लिहा. आठवड्यागणिक हे अंतर एकेका शब्दाने वाढवा. मजकुरासाठी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरची निकालपत्रे घ्या. फौजदारी निकालांत साक्षीचे उतारे असतात आणि भाषा अगदी कामाची असते. लिहिलेले त्याच दिवशी वाचू नका, दुसऱ्या दिवशी वाचा. काल लिहिलेली रेषा आज लागली नाही, तर ते चिन्ह तुमच्या हाताला बसलेले नाही असे समजा आणि तेच शंभर वेळा गिरवा.

जे वाक्प्रयोग दिवसातून पन्नास वेळा येतात त्यांना एकेक जोडचिन्ह ठरवून घ्या : 'मी सांगू शकत नाही', 'मला आठवत नाही', 'त्यावर माझी सही आहे', 'आरोपीला मी ओळखतो'. एका जोडीबाबत मात्र फार जपा. 'हे म्हणणे खरे आहे' आणि 'हे म्हणणे खरे नाही' यांची चिन्हे एकमेकांसारखी ठेवू नका. दुसऱ्यातला 'नाही' सुटा आणि पूर्ण लिहा, अर्धा सेकंद गेला तरी चालेल. परीक्षेत चारशे शब्दांत एक 'नाही' गळला तर एक चूक धरतात. उलटतपासात तोच गळला तर नाकारलेली गोष्ट कबुली होऊन बसते.

लघुलेखनात आपण स्वर गाळतो. नावांत ते गाळू नका. कमल, कोमल आणि कमला यांची व्यंजने तीच आहेत, आणि एकाच घरात तिघीही असू शकतात. जाड-बारीक रेषेवर प-ब, त-द ओळखायची असल्याने पेन्सिल मऊ आणि टोकदार हवी. चार पेन्सिली तासून ठेवा. वहीच्या पानाला मधोमध उभी रेघ मारा. लांब ओळीपेक्षा आखूड ओळीत हात परत आणायला कमी वेळ लागतो. डावीकडे बोटभर समास सोडा, शंकेची खूण तिथे करा. प्रत्येक पानावर तारीख, प्रकरण क्रमांक आणि साक्षीदाराचा क्रमांक लिहा. एका दिवसात चार प्रकरणांत साक्षी झाल्या की पाने कुठली ते संध्याकाळी कळत नाही.

भरतीबद्दल एवढेच सांगतो की जिल्हा न्यायालयांच्या लघुलेखक पदासाठी मराठीबरोबर इंग्रजी लघुलेखनही मागितले जाते. ते आतापासूनच सुरू करा.

साक्षीदार वऱ्हाडीत बोलतो आणि कागदावर पुस्तकी मराठी उतरते. बोलले तसेच लिहावे की शुद्ध करून? (दर्यापूर)

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तालुका आणि जिल्हा न्यायालयात लघुलेखक साक्षीदाराचे बोलणे उतरवत नाही, तो न्यायाधीशांनी सांगितलेले उतरवतो. साक्ष न्यायाधीशांच्या देखरेखीखाली नोंदली जाते आणि नेहमीच्या पद्धतीत ती प्रश्नोत्तरांऐवजी सलग निवेदनासारखी, 'मी' असे म्हणत लिहिली जाते. महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची आहे, म्हणून निवेदन प्रमाण मराठीत येते. 'मले' चे 'मला' आणि 'काहून' चे 'का' झाले तर कुणाचे काही बिघडत नाही. पण वऱ्हाडीतले काही शब्द आणि काही क्रियापदांची रूपे अशी आहेत की ती सरळ केल्याने अर्थच पालटतो. जे न्यायाधीश पुणे-कोल्हापूरकडून बदलून येतात त्यांच्या कानाला ती नवी असतात.

सगळ्यांत घातक रूप क्रियापदाचे आहे. 'थो दारू पेये अन् मले मारे' याचा अर्थ तो दारू प्यायचा आणि मला मारायचा, म्हणजे नेहमीचा छळ. कागदावर 'त्याने दारू पिऊन मला मारले' असे आले की वर्षानुवर्षांचा त्रास एका रात्रीची घटना होतो. विवाहितेच्या छळाच्या प्रकरणात एवढ्या फरकावर पुष्कळ काही ठरते. 'मारून राह्यला होता' म्हणजे मारत होता, मारून झाले होते असे नव्हे. साक्षीदाराने मारहाण चालू असताना पाहिली की नंतर तो पोचला, हा प्रश्न या एका रूपात दडलेला असतो. 'मले पैसे भेटले' म्हणजे मिळाले. 'सकायी देतो म्हणे' यात सकाळी की उद्या, हे विचारल्याशिवाय कळत नाही. 'थे' म्हणजे ती, ते की त्या, हेही ऐकून सांगता येत नाही.

मग वस्तू. 'उभारीनं मारलं' यातली उभारी म्हणजे बैलबंडीच्या बाजूला उभा लावलेला लाकडी दांडा. बंडी म्हणजे बैलगाडी. बाहेरच्या माणसाला बंडी म्हणजे अंगात घालायची वाटते, आणि 'बंडीवर रक्त होतं' या तीन शब्दांत पंचनामा एकीकडे आणि साक्ष दुसरीकडे जाते. तुतारी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. सब्बल म्हणजे पहार, कोठा म्हणजे गोठा, धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. नात्यांत भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ आणि देर म्हणजे धाकटा. दोघांनाही 'दीर' लिहिले तर आरोपी क्रमांक २ आणि ३ मध्ये कोणी काय केले हे कागदावरून सांगता येणार नाही.

यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे. मूळ शब्द अवतरणात ठेवावा आणि त्याचा अर्थ साक्षीदाराच्याच तोंडून घ्यावा : 'त्याने मला "उभारी"ने मारले. उभारी म्हणजे बैलबंडीचा लाकडी दांडा.' हा अर्थ लघुलेखकाने आपल्या माहितीतून घालायचा नाही. तो वऱ्हाडातच जन्मलेला असला आणि अर्थ शंभर टक्के बरोबर असला तरीही नाही. कारण ती मग साक्षीदाराची साक्ष राहत नाही. लघुलेखकाने हळू आवाजात 'साहेब, या शब्दाचा अर्थ विचारून घेता का' एवढे म्हणावे. पुढचे न्यायाधीश पाहतील.

उच्चाराचाही घोळ आहे. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो. डोळा डोया होतो, काळी साडी 'कायी साडी' होते, काळबांडे हे आडनाव 'कायबांडे' होते. 'मायी जमीन' म्हणजे माझी जमीन की माळ्याची, हे मागच्या-पुढच्या वाक्यावरून ठरते. म्हणून नावे कानावर विसंबून लिहू नयेत. साक्ष सुरू होण्याआधी समन्स, दोषारोपपत्र आणि साक्षीदारांची यादी उघडून नावांची यादी पुढ्यात ठेवावी. साक्षीदार स्वतःचे नाव वेगळे सांगत असेल तर तेही लगेच न्यायाधीशांच्या कानावर घालावे.

न्यायाधीशांनी सांगितलेले वाक्य साक्षीदाराच्या उत्तरापेक्षा वेगळे वाटले तर लघुलेखकाने काय करावे? (पुसद)

तिथल्या तिथे लक्षात आणून द्यावे, आणि स्वतःहून एक अक्षरही बदलू नये. पुढचा प्रश्न सुरू होण्याआधीचे तीन-चार सेकंद योग्य असतात. एकदा पाच प्रश्न पुढे गेले की साक्षीदारालाही आपण नेमके काय म्हणालो ते आठवत नाही.

सगळ्यांत जास्त चुका 'नाही' या उत्तरात होतात. वकील विचारतात, 'तुम्ही त्या वेळी तिथे नव्हता, बरोबर?' साक्षीदार म्हणतो, 'नाही.' नव्हतो असे त्याला म्हणायचे आहे, की तुमचे म्हणणे बरोबर नाही असे? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. अशा वेळी पूर्ण वाक्यात उत्तर घेतले गेले पाहिजे. लिहिताना वकिलांनी सुचवलेले म्हणणे आधी आणि नकार शेवटी ठेवला की दुहेरी नकार वाचणाऱ्याला कळतो : 'मी तेथे नव्हतो, हे म्हणणे खरे नाही.'

साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवली जाते. फौजदारी प्रकरणात आरोपी हजर असेल तर त्याच्यासमोर, किंवा त्याचे वकील असतील तर त्यांच्यासमोर. ही पायरी घाईत उरकू नये. साक्षीदाराने एखादी नोंद चूक असल्याचे सांगितले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे न्यायाधीश नोंद दुरुस्त करण्याऐवजी त्याच्या हरकतीचे टिपण करू शकतात. म्हणजे आधीची नोंदही राहते आणि हरकतही राहते. छापील कागदावर व्हाइटनर लावणे, किंवा सहीनंतर संगणकातली फाइल उघडून 'फक्त शुद्धलेखन' दुरुस्त करणे, हे अजिबात करू नये.

उलटतपासात दोन्ही वकील एकदम बोलतात, हरकती घेतात. नोंदीत काय यायला हवे? (नवोदित वकील, अचलपूर)

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ११ मध्ये याचे उत्तर आहे. प्रश्नाला हरकत घेतली गेली आणि न्यायालयाने तो प्रश्न विचारू दिला, तर प्रश्न, उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचे नाव आणि न्यायालयाचा निर्णय अशा पाचही गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. इथे निवेदनाची पद्धत सोडून शब्दशः प्रश्नोत्तर येते. फौजदारी खटल्यातही न्यायाधीश एखादा भाग असा नोंदवू शकतात. वकिलांनी तशी गरज असेल तेव्हा 'हा प्रश्न प्रश्नोत्तर स्वरूपात घ्यावा' अशी विनंती उत्तर येण्याआधी करावी. उत्तर आल्यावर प्रश्नाचे नेमके शब्द परत जुळवता येत नाहीत. दोघे एकदम बोलू लागले तर लघुलेखकाने निवडून लिहू नये. न्यायाधीश सांगतील तेच लिहावे, आणि सांगितले नसेल तर थांबावे.

खरा कस पोलीस जबाबाशी असलेल्या विसंगतीत लागतो. आपल्याकडे साक्षीदार या जबाबाला 'बयान' म्हणतात. दोन प्रकार आहेत आणि त्यांची वाक्ये एकमेकांच्या उलट आहेत. जबाबात एक मजकूर आहे आणि साक्षीदार आता तो नाकारतो, ही विसंगती : 'मी पोलिसांना असे सांगितले नव्हते. जबाबात ते का लिहिले आहे याचे कारण मला सांगता येणार नाही.' जबाबातला तो तुकडा 'भाग अ' म्हणून चिन्हांकित होतो आणि तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत सिद्ध करून घ्यावा लागतो. दुसरा प्रकार म्हणजे साक्षीदार आता काही सांगतो जे जबाबात नाही, ही उणीव : 'मी पोलिसांना असे सांगितले होते. जबाबात ते का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.' दुपारी चारनंतर थकलेल्या हाताने 'होते' आणि 'नव्हते' यांची अदलाबदल होते, कारण पुढचे वाक्य जवळजवळ सारखेच आहे. या जागी समासात 'वि' किंवा 'उ' अशी खूण करा आणि टंकलिखित करताना खुणेशी क्रियापद ताडून पाहा. चिन्हांकित भागाचा पहिला आणि शेवटचा शब्द जबाबाच्या प्रतीवरूनच घ्या, आठवणीतून नव्हे.

आवाज नसलेल्या गोष्टी नोंदीत आपोआप येत नाहीत. साक्षीदार मान हलवतो, बोट दाखवतो, हाताने 'एवढं' असे अंतर दाखवतो. न्यायाधीशांनी सांगितले तरच ते लिहायचे, पण त्यांच्या लक्षात आणून देणे लघुलेखकाचेही काम आहे आणि वकिलाचेही. 'इतक्या लांबून पाहिले' याचा कागदावर काहीच अर्थ होत नाही. 'साक्षीदाराने दाखवलेले अंतर कोर्टहॉलच्या दारापर्यंतचे, अंदाजे २५ फूट' याचा होतो.

आमच्याकडे माडिया आणि तेलुगू बोलणारे साक्षीदार येतात. दुभाषामार्फतची साक्ष कशी लिहायची? (अहेरी)

दुभाषाचे नाव, त्याला कोणत्या दोन भाषा येतात आणि त्याने शपथ घेतल्याचे साक्षीच्या सुरुवातीलाच नोंदले गेले पाहिजे. तो साक्षीदाराचा नातेवाईक किंवा प्रकरणातल्या पोलीस ठाण्याचा कर्मचारी नसावा. असा माणूस जवळ आहे म्हणून बसवण्याचा मोह होतो आणि पुढे सगळ्या साक्षीवरच आक्षेप येतो.

दुभाषाने 'ही म्हणते की' असे न म्हणता 'मी' म्हणून बोलावे. 'ही म्हणते की त्यानं तिला मारलं' यात 'तिला' म्हणजे कोणाला, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. प्रश्न लहान असावेत, एका प्रश्नात एकच गोष्ट असावी. साक्षीदार दोन मिनिटे बोलला आणि दुभाषाने 'हो' एवढेच सांगितले, तर लघुलेखकाने लिहून पुढे न जाता न्यायाधीशांकडे पाहावे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१२ प्रमाणे साक्ष त्याच भाषेत उतरवणे शक्य नसेल तर ती चालू असतानाच न्यायालयाच्या भाषेत खरे भाषांतर तयार व्हायला हवे आणि न्यायाधीशांच्या सहीने ते अभिलेखाचा भाग होते. मेळघाटात कोरकू आणि पुसद-दिग्रसकडे गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्यांनाही हेच लागू आहे. साक्षीदाराला थोडीफार मराठी येते म्हणून दुभाषा नाकारू नये. बाजारापुरती मराठी आणि उलटतपासाला तोंड देण्याइतकी मराठी यांत मोठे अंतर असते.

साक्षीदाराला बोलताच येत नसेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १२५ पाहा. दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या साक्षीचे चित्रीकरण करायचे असते.

जमीन, जखमा, तारखा यांचे आकडे फार चुकतात. काही युक्ती? (उमरेड)

कानाने घेतलेला प्रत्येक आकडा अंक सुटे करून परत म्हणून दाखवा : 'एकोणसाठ, पाच-नऊ.' एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदतीस आणि सदुसष्ट, त्रेचाळीस आणि त्रेसष्ट हे पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. साक्षीदार पावणेदोनशे म्हणाला तर कागदावर १७५ आणि अडीचशेचे २५०.

जमिनीत दशांश चिन्ह जपा. 'एक पॉइंट दोन हेक्टर' म्हणजे १.२० की १.०२? आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग. पहिल्यात २० आर आहेत, दुसऱ्यात २. फरक १८ आरचा, म्हणजे जवळपास अर्ध्या एकराचा. आराजी (क्षेत्रफळ) सातबाऱ्यावरून हेक्टर-आरमध्ये, दोन अंकी आर धरून लिहा. खसरा, भूमापन क्रमांक आणि गट क्रमांक यांतला जो शब्द दस्तात आहे तोच ठेवा.

वैद्यकीय साक्षीत जखमेची बाजू, जागा, तीन मापे आणि एकक हे सगळे एका वाक्यात यायला हवे. डॉक्टर इंग्रजीत बोलतात आणि वेगाने बोलतात. शवविच्छेदन अहवालाची प्रत समोर ठेवून आदल्या दिवशी शब्दांची यादी करा. विषबाधेच्या प्रकरणात मोनोक्रोटोफॉस, ऑर्गॅनोफॉस्फरस, व्हिसेरा हे शब्द हमखास येतात.

कलमांबद्दलही एक सूचना. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली चालू आहेत. 'भादंवि ३०२' (जुन्या भारतीय दंड विधानाचे कलम) ऐकून भारतीय न्याय संहितेचे १०३ लिहू नका, किंवा ४९८-अ चे ८५ करू नका. संगणकात शब्द आपोआप बदलण्याची सोय वापरत असाल तर कलमांसाठी ती बंद ठेवा.

युनिकोडमध्ये 'दुसऱ्या' नीट येत नाही, जुन्या फाइली उघडल्या तर अक्षरे विचित्र दिसतात. (तुमसर)

'दुसर्या' असे येते कारण साधा र वापरला जातो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे (J) ही कळ दाबली की ऱ येतो, मग हलन्ताची डी कळ, मग य. 'ळ' शिफ्ट आणि एन वर आहे. जुन्या फाइली कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्यात मराठी अक्षरे नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठी रूप चढवलेले असते. रूपांतर करणाऱ्या साधनातून काढलेला मजकूर मुळाशी ओळ न् ओळ ताडल्याशिवाय वापरू नका. रफार, जोडाक्षरे आणि अंक यांत हमखास गडबड होते. आणि मागच्या साक्षीदाराची फाइल उघडून तिच्यावरच नवी साक्ष लिहिण्याची सवय मोडा. जुने वय, जुना धंदा, जुने गाव तसेच राहून जाते.

लवाद आणि खात्याच्या चौकशीचे परवानगीने ध्वनिमुद्रण करून मजकूर उतरवून देण्याचे काम मिळते. उन्हाळ्यात मुद्रण ऐकूच येत नाही. (वर्धा)

दोष बहुधा कूलरचा आणि यंत्रातल्या आपोआप आवाज वाढवण्याच्या सोयीचा आहे. बोलणारा थांबला की यंत्र शांतता भरून काढायला आवाज चढवते आणि कूलरची घरघर पुढे येते. ती सोय आधी बंद करा. पातळी हाताने लावा. मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. लाल दिव्यापर्यंत गेलेला फाटका आवाज नंतर कशानेही सुधारत नाही, थोडा हळू आवाज मात्र वाढवता येतो. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारे बटण असेल तर ते चालू ठेवा.

मध्ये एकच मायक्रोफोन ठेवून चौघांना ऐकण्याचा प्रयत्न सोडा. साक्षीदार, पीठासीन अधिकारी आणि दोन्ही बाजूंचे वकील असे चार दिशादर्शी (समोरचाच आवाज घेणारे) मायक्रोफोन हवेत आणि प्रत्येकाचा मार्ग (ट्रॅक) वेगळा मुद्रित व्हायला हवा. म्हणजे दोघे एकदम बोलले तरी नंतर एकेकाला सुटे ऐकता येते. तोंडापासून २० ते ३० सेंटिमीटर. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. मायक्रोफोनची पाठ कूलरकडे करा. टेबलावर शिक्के आणि फाइली आपटतात, म्हणून स्टँडखाली टॉवेलची जाड घडी ठेवा. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात काम असेल तर कपड्याला लावायचे छोटे मायक्रोफोनच उपयोगी पडतात.

४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह प्रकार घ्या. एका मार्गाला मिनिटाला सुमारे ५.८ एमबी लागतात, चार मार्गांना तासाला साधारण १.४ जीबी. पाच तासांचे काम ७ जीबीत बसते. फार दाबलेल्या एमपीथ्रीत स, श, ष यांच्या कडा झिजतात आणि नावे ओळखता येत नाहीत. दर तासाला नवी फाइल सुरू करा. वीज जातेच, म्हणून मुद्रण बॅटरीवर आणि शेजारी दुसरे छोटे यंत्र स्वतंत्रपणे चालू ठेवा. सुरुवातीला दोन मिनिटे मुद्रण करून हेडफोनने ऐका. मीटरची काडी हलते म्हणून शब्द कळतीलच असे नाही.

मुद्रण चालू असताना हाताने वेळपत्रक लिहा. घड्याळाची वेळ, कोण बोलले, कोणता दस्त दाखवला. ध्वनीत फक्त 'हे पहा, ही सही तुमचीच ना?' एवढेच येते. ती सही निशाणी २७ (दस्ताला दिलेला क्रमांक) वरची होती हे वेळपत्रकच सांगते. काम संपल्यावर मूळ फाइलचे एसएचए-२५६ हॅशमूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण) काढून नोंदवा, मूळ बाजूला ठेवा आणि प्रतीवर काम करा.

दर ठरवताना मेहनत नीट मोजा. स्वच्छ मुद्रणाच्या एका तासाला चार तास लागतात. गोंगाट, बोली आणि एकमेकांवर बोलणे असेल तर सात-आठ. पहिल्या फेरीत वेग कमी करून कच्चे लिहा, दुसऱ्यात मूळ वेगाने ऐकत ताडा, तिसऱ्यात आवाज न लावता फक्त वाचा. अर्थ न लागणारी वाक्ये या तिसऱ्या फेरीतच सापडतात. जे ऐकू आले नाही तिथे 'अस्पष्ट, ००:१४:३२' असे लिहा. अंदाजाने भरलेला शब्द खरा दिसतो आणि नंतर कोणी तपासत नाही, म्हणून तो रिकाम्या जागेपेक्षा जास्त नुकसान करतो.

वादातल्या फोनवरच्या संभाषणाचा मजकूर न्यायालयात द्यायचा आहे. कसा लिहावा? (वणी)

शब्दशः लिहा. शिवी, अडखळणे, 'हं', सगळे ठेवा. बोली सरळ करू नका. साक्षीच्या निवेदनाचा नियम इथे लागू नाही. बोलणाऱ्याची ओळख वादात असेल तर नावाऐवजी 'आवाज १', 'आवाज २' लिहा. प्रत्येक बोलण्यासमोर वेळ द्या. मजकूर हा ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, पुरावा मुद्रण हाच आहे. त्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्यात पक्षकाराने भरायचा भाग अ आणि तज्ज्ञाने भरायचा भाग ब आहे, दोन्हींत हॅशमूल्य लिहायचे असते. ज्या फोनमध्ये संभाषण मुद्रित झाले तो विकू नका, फॉरमॅटही करू नका.

पेशीच्या दिवशी मी मोबाइलवर साक्ष रेकॉर्ड करू शकतो का? (पक्षकार, मेहकर)

नाही. न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू नका, फोन जप्त होऊ शकतो आणि अवमानाची कारवाईही होऊ शकते. साक्षीची प्रमाणित प्रत अर्ज करून मिळते.

बोललेले आपोआप लिहिणारी संगणकीय साधने आली आहेत. मग लघुलेखन शिकून उपयोग काय? (मोर्शी)

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोरच्या युक्तिवादांचे असे प्रतिलेखन फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाले. तिथे एकेक वकील मायक्रोफोनवर, बहुतांशी इंग्रजीत बोलतो, आणि तरीही माणसे तो मजकूर तपासतात. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार मायक्रोफोनपासून तोंड फिरवून, पुटपुटत किंवा रडत, वऱ्हाडीत बोलतो. यंत्राने प्रमाण मराठी ऐकलेली असते. ते 'मारे' चे 'मारले' करते, हळू म्हटलेला 'नाई' गाळते आणि काळबांडेंच्या जागी ओळखीचे दुसरेच नाव घालते. वाक्य मात्र सफाईदार दिसते, त्यामुळे चूक डोळ्याला सापडत नाही.

न्यायाधीशांचे संथ, स्पष्ट सांगणे उतरवायला साधन वापरायला हरकत नाही, न्यायालयाने ते मान्य केले असेल तर. प्रकरणातले ध्वनिमुद्रण बाहेरच्या संकेतस्थळावर चढवू नका. अल्पवयीन पीडितेचे नाव त्यात असेल तर तो गुन्हा होऊ शकतो. साधनाने दिलेला मजकूर तपासताना आधी सगळे 'नाही', मग सगळी नावे, मग सगळे आकडे, असे तीनदा वेगवेगळे ऐका. हे तपासायला जो कान लागतो तो लघुलेखनाच्या वहीवरच तयार होतो.